बटणावरचा अंगठा

मासे तोलायच्या काट्याजवळ, खिडकीच्या वर,
आमचा रेडिओ टांगलाय. त्याच्या खाली
अन्स्गारनं मरायच्या आधी ठोकून ठेवलेला कागद:
बटण दाबा, श्वास घ्या, मग बोला.
आधी बोटीचं नाव, मग आपलं म्हणणं.
झालं की 'ओव्हर' म्हणा आणि अंगठा उचला.
चौथी ओळ नंतर कुणीतरी पेन्सिलीनं वाढवली:
बाप काढू नये.

लोफोटेनला फेब्रुवारीत बाप निघतोच.
कॉड येतो, सगळ्यांना तोच एक पट्टा हवा असतो,
आणि पाण्याला कुंपण घालता येत नाही.

त्या मंगळवारी टोरलेइफ म्हणाला,
माझ्या गळांच्या दोरीवर कुणाचं तरी जाळं पडलंय, ओव्हर.
सभ्यपणे म्हणाला. 'कुणाचं तरी' म्हणाला.
एइलर्ट म्हणाला,
दोरी टाकणाऱ्यानं डोळे उघडे ठेवून टाकावी, ओव्हर.
इथवर ओव्हर शाबूत होतं.
मग ओव्हर गेलं. मग बोटींची नावं गेली.
अरेला कारे, आणि कारेला
तुझ्या आजोबानं अठ्ठावन साली काय चोरलं होतं ते.
दोघं एकदम बटण दाबायचे
तेव्हा कुणाचंच ऐकू यायचं नाही,
नुसती शिट्टी, किटली उकळल्यासारखी.
सबंध दुपारीत तेवढंच काय ते एकमतानं झालं.

ज्यांचं काही देणंघेणं नव्हतं तेही उतरले.
हाल्डिसचा मुलगा, सतरा वर्षांचा, पहिलाच हंगाम,
म्हणाला, म्हातारे झालात, घरी बसा.
नाव सांगितलं नाही.
पण मागे त्याचं इंजिन खोकत होतं,
आणि इंजिनं आम्ही सगळी ओळखतो.
खोटं कशाला बोलू,
रेडिओचा आवाज मीच वाढवला होता.

सव्वाचारला, अंधार दाटताना,
एइलर्टनं शेवटची शिवी हासडली, माईक आपटला,
आणि बटण आत रुतून बसलं.
आता चाळीस बोटींवर एकटा एइलर्ट.
आधी कपाचा आवाज. मग एक बूट. बराच वेळानं दुसरा.
मग तो बोलायला लागला, आमच्याशी नाही:
'बघितलंस, सोल्रुन, पुन्हा तोंड सोडलं मी.
जाळं माझंच होतं. खूण दिसलीच नाही गं.
चष्मा घरी राहतो.
तू हातात द्यायचीस.'

सोल्रुनला आम्ही डिसेंबरात पुरलं,
जमीन इतकी गोठलेली की आधी जाळ करावा लागला.

कुणाला काही बोलता येईना, चॅनल त्याच्याकडे होतं.
रेडिओ बंद करता आला असता.
माझा हात बटणापर्यंत गेला, तिथंच राहिला.
नाक शिंकरलेलं ऐकलं. बटाटा सोललेला ऐकला.
मग त्याच्या बोटीवर ठकठक,
आणि टोरलेइफचा आवाज, लांबून, वाऱ्यातून:
'एइलर्ट, तुझं बटण अडकलंय.'
'कधीपासून?'
'हे काय, आत्ताच.'
खट्.

अकरा मिनिटं झाली होती. घड्याळ माझ्या समोरच आहे.

त्यानंतर एकेक बोट आपलं वजन सांगत गेली,
आधी नाव, शेवटी ओव्हर.
हाल्डिसच्या मुलानं तर नाव दोनदा सांगितलं.

बुधवारी दोघं पुन्हा भांडले,
तुटलेल्या दोरीचे पैसे कुणी भरायचे यावरून.
चांगलं तासभर. कडकडून. ओव्हर म्हणत म्हणत.
फक्त एइलर्ट प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबायचा,
अंगठा खरंच उचललाय ना, ते बघायला,
आणि तेवढा वेळ
टोरलेइफ काही बोलायचा नाही.