दुपारची की रात्रीची

जाळीच्या दारावर सकाळी सापडली,
पंख अजून ओलसर,
अर्धवट वाळलेल्या पापडासारखे.
ऑर्फा स्टिडमनं चष्मा पुसून पुस्तक काढलं.
एकाच पानावर दोघी: प्रोमेथिया आणि ट्युलिप-पतंग,
सख्ख्या बहिणी, दोघी विटकरी,
पंखावर तोच पांढरा कोनदार ठिपका,
एकीचा जरा ठसठशीत.
जरा म्हणजे किती, ते पुस्तकात नाही.

मग टोमॅटोच्या टोपलीत ठेवून तिनं वर जाळी बांधली,
टोपली परसातल्या सॅसाफ्रासला टांगली.
आता तीच सांगेल, कुणाची वाट बघतेय.
प्रोमेथियाचे नर काळे, चार-पाचच्या उन्हात येतात,
लांबून, वासाच्या मागावर.
ट्युलिपवाल्यांना रात्रीचे दहा लागतात.

चार वाजले. पाच.
कुंपणावरून हॉबर्टनं विचारलं, "खायला काय घातलंस?"
"काही नाही. हिला तोंडच नाही.
खायचं ते अळीपणीच खाऊन झालं."
"माझ्या बहिणीला सांगतो," हॉबर्ट म्हणाला.

सहा. एकही काळा पंख नाही.
वहीत पेन्सिलीनं: ट्युलिप, पुढे प्रश्नचिन्ह.
केंटकीच्या डोंगरात जूनमध्येही रात्री शाल लागते.
इस्पितळाच्या धोबीखान्यात
तीस वर्षं रात्रपाळी केलेली बाई,
तिला दहाचं काय!

दहा वीसला टोपलीवर काहीतरी थडकलं.
मग आणखी एक.
तिनं टॉर्च लावला नाही.
चाचपडत जाळीची गाठ तेवढी सोडली.
प्रश्नचिन्ह काय, सकाळीही खोडता येतं.