दोर न बांधता

ताळगावच्या पठारावर, दुसऱ्या मजल्यावर
एसी बंद पडलाय तीन दिवस.
पेल्यात पोटॅशचं पाणी, पाण्यात नखाएवढी काळी पट्टी:
मँगनीजचा ऑक्साइड. बाटली हैदराबादहून आली.
रिवणला हाच काळा रंग
मावशीच्या नवऱ्याच्या नखांतून
मरेपर्यंत निघाला नाही.

१.६२ व्होल्ट.
पाणी येऊन टेकतं धातूच्या अणूला.
एक हायड्रोजन सोडतं, मग दुसरा.
उरतो नुसता ऑक्सिजन,
दोन्ही हातांनी अणूला धरून,
जोडीदार येईपर्यंत.

फार घट्ट धरला तर तिथंच बिऱ्हाड मांडतो.
सैल धरला तर टेकतच नाही.
फुर्तादो मॅडम फळ्यावर डोंगर काढतात,
शिखरावर खडू टेकवून म्हणतात, इथं.
आमचा ठिपका डाव्या उतारावर,
घट्ट धरणाऱ्यांत.

आज साडेचारला बुडबुडा सुटेना.
मोहरीएवढा, पट्टीच्या खालच्या कोपऱ्याला.
स्क्रीनवरची रेघ खचत गेली.
मी काचेवर टिचकी मारली.
गेला.
वहीत असलं लिहायचं नसतं.
लिहिलं: टिचकी, १६:३४.

आणि सुटणारे सगळे पाण्यातलेच नसतात.
काही पट्टीच्या स्वतःच्या जाळीतून उठून जातात,
मागे खळगा ठेवून.
मग पाण्यातला कुणी त्यात येऊन बसतो.
जड ऑक्सिजनची खूण लावून आम्ही मोजलं:
सकाळची पट्टी, संध्याकाळची पट्टी,
भिंगाखाली एकच.
आतले रहिवासी निराळे.

सात वाजता रायबंदर. चोडणची फेरी.
बाबुसो तांडेल दोर बांधत नाही.
फळी धक्क्यावर टेकवतो
आणि इंजिन हलकंसं पुढं रेटत ठेवतो
स्कूटर, पावाची टोपली, उशिरा सुटलेल्या नर्सबाई
उतरेपर्यंत.
जास्त रेटलं की फळी कोकलते.
कमी पडलं की मधे वीतभर मांडवी दिसते.

खाली चहाला आला तेव्हा विचारलं,
किती रेटायचं ते कसं कळतं?
"पांयांक कळटा," म्हणाला,
आणि बिस्किट बुडवलं.
मी पाय बघितले. रबरी चप्पल,
एक पट्टा सुतळीनं ओवलेला.

उद्या कोबाल्ट मिसळून बघायचंय, दोन टक्के.
मॅडम तीन म्हणतात.