नववा प्रश्न

अत-बाशीच्या पलीकडे, जिथे रस्ता
बर्फाखाली स्वतःचंच नाव विसरतो,
तिथल्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात मी सव्वीस वर्षं.
बाळंतपणं केली, घोड्यावरून पडलेल्यांचे खांदे बसवले,
एकदा लांडग्याने फाडलेली पोटरी शिवली
स्वयंपाकाच्या टेबलावर.

तुर्सुनबूबू या हिवाळ्यात पाचव्यांदा आली.
छातीत दगड, म्हणाली. पाठीत मुंग्या.
झोप तीनला मोडते, पुन्हा जुळत नाही.
कार्डिओग्रामच्या पट्टीवर मात्र सगळे डोंगर जागच्या जागी.
पूर्वी मी जिभेखाली व्हॅलिडॉल द्यायचे
आणि म्हणायचे, इतका विचार करू नकोस.
जणू विचार म्हणजे मेंढी,
हाकलली की गेली.

पानगळीत नारीनला पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं.
तिथून एक कागद आणला, नऊ प्रश्नांचा.
"गेल्या दोन आठवड्यांत
गोष्टींमधला रस किंवा आनंद कमी झाला आहे का?"
ती कागदाकडे बघत राहिली
जप्तीच्या नोटिशीकडे बघावं तशी.
मी तो पालथा घातला. विचारलं,
शिरदाक कुठवर आला गं?

दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवून
एकाच सुरीने कापतात आमच्याकडे.
लालातून निघालेलं शिंग काळ्यात बसतं,
काळ्यातलं लालात; चिंधीसुद्धा वाया जात नाही.
थोरलीच्या लग्नासाठी घेतला होता तिने.

"गुंडाळून ठेवलाय," म्हणाली. "मेंढ्या डोंगरावरून उतरल्या
तेव्हापासून. सुई दिसते.
हात जात नाही."

हात जात नाही.
हाच तर होता पहिला प्रश्न.

मग बाकीचे न विचारताच आले.
नवरा येकातेरिनबुर्गला, कुठल्याशा गोदामात;
फोन शुक्रवारी, तोही पैशांपुरता.
भाकरीला चव लोकरीची.
धाकटा हसला की वाटतं, कुणीतरी भांडी आपटतंय.
आणि सासू म्हणते, आमच्या वेळी नव्हतं असलं काही,
कामच इतकं होतं.

दुखणं अंगावर काढायची रीत आहे इथे.
ज्या दुखण्याला अंगच नाही
तेही अंगावरच काढतात बायका,
म्हणून छाती, म्हणून पाठ, म्हणून मुंग्या.

नववा प्रश्न माझ्याच घशात अडला.
मरणाचं नाव काढलं की त्याला दार कळतं,
आई म्हणायची.
प्रशिक्षणातली बाई म्हणाली होती,
विचारल्याने कुणी मरत नाही.
चुलीत गोवरी ढासळली. मी विचारलं,
साध्या शब्दांत, तिच्याकडे बघून.
आणि गप्प राहिले. तेच सगळ्यात अवघड,
टाक्यांपेक्षा, बाळंतपणापेक्षाही.

"पाण्याला जाते ना," ती म्हणाली,
"तेव्हा बर्फाला पाडलेल्या भोकापाशी
जरा जास्तच थांबते."

पोरांकडे बघ, हे मी म्हटलं नाही.
पाप लागतं, हेही नाही.
म्हटलं, सांगितलंस, बरं केलंस.
मग दोघींनी मिळून ठरवलं: पाणी दीर आणेल,
रात्री जवळ नणंद झोपेल,
घरी काय सांगायचं आणि किती, ते तीच ठरवेल.
नारीनच्या डॉक्टरांना फोन लावला, गोळी सुरू झाली.
तिला बजावलं, आधी तोंड कोरडं पडेल,
गुण यायला तीन आठवडे लागतील, मध्येच सोडायची नाही.
सासूने मोल्दोला बोलावलं. बोलवू दे;
त्याची दुआ आणि माझी गोळी
एकमेकींच्या वाटेत येत नाहीत.

दर गुरुवारी जाते मी. मिठाचा चहा घेते.
कधी बोलणं होतं, कधी नुसता चहा.

सहावा आठवडा. झोप आता चारला मोडते.
शिरदाक उलगडलेला होता,
एक शिंग शिवलेलं, टाका वाकडा, ओढून बसलेला.
"उसवू का?" तिने विचारलं.
मला खरंच माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

दाराशी बूट चढवत होते
तेव्हा सासू मागे येऊन उभी राहिली,
हात पदराला नसलेलं पीठ पुसत.
"तुझा तो कागद," तिने आवाज खाली आणला,
"म्हाताऱ्या माणसांना चालतो का?"

मी चढवलेला बूट काढला.