उभी झोप

नारिनच्या आमच्या रेडिओला खोली एकच.
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, त्यावर जुना नमदा,
तरी रस्त्यावरचं गाढव दर भागात ऐकू येतंच.
गुरुवारी रात्री मी लोकांचे प्रश्न वाचते
आणि उत्तर शोधायला निघते, हेडफोन गळ्यात अडकवून.
एकाची जांभई दुसऱ्याला का लागते.
आपलाच आवाज टेपवर परक्यासारखा का वाटतो.
कांदा चिरताना आंधळ्यांच्या डोळ्यांतूनही पाणी येतं का –
हे विचारणारा स्वतःच आंधळा होता.
येतं, तोच म्हणाला, फक्त खात्री करून घ्यायची होती.

जूनमध्ये एक निरोप आला, वाऱ्यानं अर्धा खाल्लेला:
'मी एसेनकुल. वर कुरणातून बोलतोय.
घोडा उभ्याउभ्या झोपतो हे मला ठाऊक आहे, ते सांगू नका.
उभ्यानं त्याला स्वप्न पडतं का, तेवढं सांगा.'
मग कुणाला तरी एक शिवी, बहुधा कुत्र्याला,
आणि खट्.

पशुवैद्य झमिरा म्हणाली,
घोड्याच्या मागच्या गुडघ्याला खिट्टी असते.
ती बसली की पाय खांब होतात, वर घोडा पेंगतो.
पण पेंगणं वेगळं.
स्वप्न पडायचं तर आधी त्यालाच पडावं लागतं,
आडवं, अंग सोडून.
थोडाच वेळ, पण तेवढा लागतोच.
एकटा असला तर तेही जमत नाही पुष्कळदा.
कळपातलं कुणीतरी उभं लागतं,
कान टवकारून.

उत्तर मिळालं होतं. नऊ मिनिटांचा भाग सहज झाला असता.
पण झोपेचा आवाज कुठून आणणार?
म्हणून साडेपाच तास जीप,
आणि खिंडीनंतर एका पोराच्या मागे, घोड्यावर,
बॅटऱ्या गारठू नयेत म्हणून पोटाशी धरून.

एसेनकुलच्या लोकरी तंबूत दोन गाद्या.
एक घडी घालून ठेवलेली.
बुरुलची, तो म्हणाला. नोव्हेंबरपासून.
दुसरीवरही कुणी झोपत असेलसं वाटेना.
त्यानं कुमिस ओतलं, उत्तर ऐकून घेतलं,
'कुणीतरी उभं लागतं,' एवढंच पुन्हा म्हणाला,
बाजारात भाव ऐकल्यावर
माणूस आकडा पुन्हा उच्चारून बघतो तसं.

रात्री तीनच्या पुढे तांबडी घोडी खाली बसली,
मग कलली, मग पसरली.
मी मायक्रोफोन काठीला बांधून तिच्या नाकपुडीशी धरला
आणि उभी राहिले.
आधी श्वास. मग ओठांची फडफड.
मग खूर, गवतात, अगदी हलके,
जागच्या जागी धावणारे.
कुठल्या उतारावर, कुणाच्या मागे?
विज्ञान मला इथवर घेऊन आलं होतं,
आता उंबऱ्याशी चपला काढून
तेही माझ्यासारखंच आत डोकावत होतं.
हात बधिर झाला, तरी हलवला नाही.

नारिनला परतून टेप लावली.
सत्तेचाळिसाव्या मिनिटाला आणखी एक श्वास.
जाडा, मधेच अडकणारा,
खोकल्याच्या काठावर जाऊन परत फिरणारा.
खोगिराला टेकून बसला होता म्हातारा, घोडीच्या पलीकडे.
टेकलेला घसरला कधी, गवतावर आडवा झाला कधी,
मला कळलंच नाही.
मी नुसती कान होते.
बावीस मिनिटं. मी दोनदा मोजली.

ओरोझबेक म्हणाला, हे घोरणं काढ.
आणि ही अकरा सेकंदांची शांतता?
लोकांना वाटेल वीज गेली.
मी शांतता चारवर आणली.
घोरणं ठेवलं.
कुणाचं आहे हे, त्यानं विचारलं.
घोडीचं, मी म्हटलं.

गुरुवारी भाग लागला.
सोमवारी वरून निरोप:
'ऐकला. माझी घोडी घोरत नाही.'
आणि मग, फोन बंद करायला विसरल्यासारखा,
बराच वेळ नुसता वारा.