जवारी

दर तीन वर्षांनी जैतूनफुफी यायची लाहोरहून,
दिल्लीत गाडी बदलून, मांडीवर तंबोरा
झोपलेलं पोर आणावं तसा.
अटारीला कस्टमवाल्यानं भोपळा ठोकून विचारलं म्हणे,
आत काय?
‘भोपळ्यात काय असतंय, साहेब.’
हे ती मिरजेच्या फलाटावरच सांगायची,
दरवेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखं.

अब्बा घोडी उतरवायचे.
कानस दोनदा, मग कान, मग पुन्हा कानस.
तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवायचे
आणि खर्ज उघडायचा—
समोरचा सायकलवाला पंप तसाच धरून उभा.

गाडी बंद झाली त्या आठवड्यात
अब्बा दोनदा स्टेशनावर जाऊन आले.
खिडकीतल्या पोरानं संगणकात बघितलं:
‘चाचा, हे गाव येत नाही यात.’

परवा फुफीनं फोनवर तार छेडली.
अब्बांनी मोबाईल उजव्या कानाला लावला, तो बरा आहे.
‘आवाज बसलाय. धागा जरा तुझ्याकडं घे.’
तिनं घेतला.
‘जास्त झाला. मागं.’
‘मागं म्हणजे कुठं, भाई?’
अब्बांनी बोट वर केलं, भिंतीच्या दिशेनं.
मग खाली घेतलं.

पाऊण तास चाललं हे.
भात गार झाला, अम्मी दोनदा डोकावून गेली.
शेवटी एकदा सूर खुलल्यासारखा वाटला,
आणि तेवढ्यात पलीकडं काहीच नाही.
लागली का रेंज गेली, कळेना.
अब्बा म्हणाले, थांब,
अजून वाजतंय.