समुद्र नसलेले अकरा किलोमीटर

पहाटे चारला रस्ते बंद केले.
सव्वाचारला आमची व्हॅन स्टेडियमच्या मागे लागली
आणि तेवीस पडद्यांवर
तेवीस तऱ्हांचा अंधार उजाडू लागला.

पर्यटन खात्याचा माणूस दोनदा डोकावून गेला.
अडतीस देशांत दिसणार आहे म्हणे आपलं केपटाउन,
आपला डोंगर, आपली लाट,
जमलं तर एखादा सील.
सीलला कोण सांगणार, बाबा,
सात वाजता डोकं वर काढ म्हणून?

सुटले.
हेलिकॉप्टरातून माणसं म्हणजे सांडलेली मोहरी,
उताराकडे आपोआप सरकणारी.
दीपगृह आलं, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं.
धुकं ऐनवेळी बाजूला झालं, सांगून ठेवल्यासारखं.
कानात लंडनचा आवाज:
सुंदर, वासीला, सुंदर. असंच राहू दे.

मग विसाव्या किलोमीटरला
रस्ता समुद्राकडे पाठ फिरवतो.

सॉल्ट रिव्हर.
नावात मीठ आहे, नावात नदी आहे,
रस्त्यावर मात्र टायरची दुकानं,
शिवणकामाचे बंद पडलेले कारखाने,
मशिदीच्या भिंतीला टेकून ठेवलेली शिडी
(रंगारी गेल्या रमजानपासून येणारच आहे).
मी इथली. आठव्या इयत्तेपर्यंत
याच गटारात माझे चेंडू गेले.

कान म्हणाला, किनाऱ्यावर जा.
म्हटलं, किनाऱ्यावर आता कुणी धावत नाहीये.
कान म्हणाला, चालेल.

तर अर्धा तास अडतीस देशांनी
एक मोकळी लाट पाहिली,
परत परत येणारी, काहीच न जिंकणारी.
कोपऱ्यातलं घड्याळ तेवढं पळत होतं.

आणि इकडे सात नंबरच्या पडद्यावर,
जो फक्त मला दिसत होता,
रीदवान मोटारसायकलवर उलटा बसून
जग येईल तसं टिपत होता.
लेसोथोचा मोकेते, पहिलीच मॅरेथॉन,
बूट कुणाचे तरी मागून आणलेले,
त्याने खांदे जरा सैल सोडले
आणि चौघा नावाजलेल्यांना मागे टाकलं,
गर्दीत "जरा सरकता का" म्हणावं, तितक्या सहज.
समालोचक तेव्हा लाटेचं तापमान सांगत होता.

वळणावर गदीजाआत्या.
अर्थातच गदीजाआत्या.
रविवार आहे, म्हणजे कोसिस्टर तळलेले असणार,
पाकात मुरवलेले, वर खोबरं भुरभुरलेलं,
आणि दर रविवारी आत्या ते गल्लीत वाटते,
रस्ता बंद असो, उघडा असो.
डबा घेऊन ती दोरीच्या आत आली
आणि जगातल्या त्या घटकेच्या सर्वांत वेगवान माणसापुढे
हात केला:
घे रे. किती वाळलायस.

तो वाकडा झाला, डब्याला वळसा घातला,
आणि हसला.
अख्ख्या शर्यतीत एकदाच. दात दिसेपर्यंत.

माझं बोट बटणावर पडलं.
पडलं म्हणजे, मी पाडलं.
चार सेकंद.

काय होतं ते? कानाने विचारलं.
चूक झाली, म्हटलं,
आणि अडतीस देशांना त्यांची लाट परत केली.

शेवटच्या वळणावर समुद्र पुन्हा आला,
सोबत मोकेतेही, एकटा, दीड मिनिटाने पुढे.
समालोचक गोंधळला. हा कुठून उगवला?
कागद चाळल्याचा आवाज सगळीकडे गेला.

रात्री आत्याकडे गेले.
शेजाऱ्यांनी आधीच सांगितलं होतं तिला.
स्कार्फ सरळ होता का, तिने विचारलं.
होता.
मग गॅस बारीक करून,
माझ्याकडे न बघता:
आणि त्या पोराने घेतला नाही,
तेही दाखवलंस का गं सगळ्यांना?