अंगावर काढलेलं

आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर एक चित्र आहे.
तलावात उतरण्याआधी साबणानं धुवा, असं सांगणारं.
त्यातल्या बाईला नाक नाही, डोळे नाहीत, वय नाही,
नुसती बाह्यरेषा, आणि लाल रंगवलेल्या जागा :
डोकं, काखा, जांघा, पावलं.
बाकी सगळी कोरी.

अकरा वर्षं मी या चित्राखाली खुर्ची टाकून बसते.
परदेशी बाया टॉवेल गच्च धरून भिंतीकडे तोंड करतात,
त्यांना बोटानं चित्र दाखवावं लागतं.
आमच्या फ्योर्डातल्या बायांना नाही.
त्या उघड्या उभ्या राहून
सुनेबद्दल, कॉडच्या भावाबद्दल,
बोगद्यापाशी साचलेल्या बर्फाबद्दल बोलत राहतात.

स्टेइनुन्न मात्र नोव्हेंबरपासून
तिकीट काढते, बूट काढते,
एकतीस नंबरच्या कपाटासमोर बसते
कोटाची बटणं लावलेलीच.
अर्ध्या तासानं उठते. आज नको गं, ऊन्नुर. उद्या.

याच तलावात एका दमात
पाण्याखालून दोन फेऱ्या मारणारी ही.
मासळीच्या कारखान्यात सुरी चालवायची तेव्हा
तिचे दंड बघायला
पोरं उगाच बर्फ मागायला यायची.

मग एकाच वर्षी दोन्ही पाळ्या गेल्या,
कारखान्यातली, आणि महिन्याची.
हे ती हसून सांगायची.
तेव्हा हसायची.
नंतर अंग सुटलं.
सुटलं म्हणजे गेलं कुठे? ते राहिलंच,
जास्तच राहिलं.
सुटली ती.

डॉक्टर म्हणाले, काळोखाचं दुखणं आहे, दिवा घ्या.
रेक्याविकहून लेकीनं पाठवला. पांढरा, टेबलावर ठेवायचा.
रोज सकाळी त्याच्यासमोर अर्धा तास.
"त्यात माझे हात दिसतात," म्हणाली,
"आईचे झालेत. मला कुणी विचारलंसुद्धा नाही."
आणि पुढं, बूट घालता घालता,
"जूनमध्ये तर रात्रच होत नाही.
तेव्हा मी कुठं कपडे बदलायचे?"

काल सूर्य आला.
दोन महिने डोंगरामागे होता,
चार मिनिटं आमच्या गल्लीत उतरला.
सगळं गाव कॉफी आणि गरम पॅनकेक घेऊन रस्त्यात.
स्टेइनुन्न नव्हती.

आज आली, शेवटची पोहणारी गेल्यावर.
एक बटण काढलं. मग दुसरं.
कोटाच्या आत स्वेटर, स्वेटरच्या आत स्वेटर.
मग थांबली.
"कपड्यांचं काही नाही गं,
इतकी वर्षं जे अंगावर काढलं
ते कुठल्या खुंटीला टांगू?"

मला उत्तर येत नव्हतं.
"माझ्यापाशी कसली लाज," मी म्हणाले,
"अकरा वर्षांत इतकी अंगं पाहिली,
आता कुणाचं काही दिसत नाही मला."
चुकलं. बोलता बोलताच कळलं.

"तेच तर," ती म्हणाली.
"कुणालाच दिसत नाही."
आणि स्वेटर पुन्हा खाली ओढायला लागली.

मी खिशातून चष्मा काढला.
इथं कधी लावत नाही, वाफ धरते.
लावला. पांढरा झाला.
पदराला आमच्याकडे काही नाही, बाहीला पुसला,
पुन्हा लावला.

"जरा इकडे वळ."
"कशाला?"
"वळ तर. त्या बाजूची ट्यूब गेलीय."